रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरायला सुरुवात करताना पहिली पावडर कोणती घ्यावी?

गुंजभर (धागालेखक)

नमस्कार. मी मूळचा बेळगावच्या शहापुरातला. घरात पिढीजात सराफी असल्यामुळे तराजूसमोर श्वाससुद्धा बेताने सोडायचा असतो, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो. गेली नऊ वर्षे ओहायोमध्ये आहे, ग्रीनकार्ड आहे, आणि दोन वर्षांपासून रेंजवर नियमित नेमबाजी करतो. माझ्याकडे .३८ स्पेशलचे एक रिव्हॉल्व्हर आणि ९ मिमीचे एक पिस्तूल आहे. काडतुसांचा खर्च वाढत चालल्यामुळे झाडलेल्या पितळी पुंगळ्या मी जपून ठेवल्या आणि आता त्या पुन्हा भरण्यासाठी एक साधा प्रेस (काडतुसे भरण्याचे हातयंत्र) घेतला आहे. येथे काडतुसे स्वतःपुरती भरण्यास कायद्याची आडकाठी नाही.

प्रश्न पावडरचा, म्हणजे पुंगळीत भरायच्या दारूचा आहे. दुकानात चाळीसएक डबे ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकावर वेगळे नाव असते. मी घरच्या सवयीप्रमाणे हिशोब मांडला. एक पाउंड म्हणजे ७००० ग्रेन. ज्या पावडरीचे चार ग्रेन पुरतात तिच्यात १७५० काडतुसे होतात आणि जिचे पाच ग्रेन लागतात तिच्यात १४००. मग जी कमीत कमी लागते आणि वेगाने जळते, ती टाइटग्रुप नावाची पावडर घ्यावी, असे माझे मत जवळजवळ ठरले आहे. जाणकारांनी यात काही चूक असेल तर दाखवावी. धागा मुद्दाम मराठीत काढला, कारण येथल्या इंग्रजी चर्चांत पहिल्या दहा प्रतिसादांतच भांडण लागते.

चिकोडीचा_पाहुणा

गुंजभर, स्वागत. मी चौदा वर्षे टेक्सासमध्ये काडतुसे भरतो. तुमचे गणित बरोबर आहे, पण ते एक पाऊल पुढे नेऊन पाहा. पाउंडाला ४० डॉलर धरले तर चार ग्रेनच्या काडतुसात सव्वादोन सेंटांची पावडर जाते आणि पाच ग्रेनच्या काडतुसात पावणेतीन सेंटांहून थोडी अधिक. हजार काडतुसांमागे फरक पडतो तो सुमारे पावणेसहा डॉलरचा. वर्षाकाठी तुम्ही दोन हजार काडतुसे झाडलीत तर जेवढे वाचेल, तेवढ्यात आपल्याकडचा अर्धा किलो कुंदासुद्धा इकडे मागवता येणार नाही. खरा पैसा गोळी आणि प्राइमर (पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी) यांत जातो आणि खरी बचत पुंगळी पुन्हा वापरल्याने होते. म्हणून पावडर निवडताना काटकसर हा निकष बाजूला ठेवा.

नवशिक्याने निकष एकच लावावा: माझ्या हातून चूक झाली तर ती मला डोळ्यांनी दिसेल का? टाइटग्रुप ही वाईट पावडर नाही, अनेक अनुभवी नेमबाज ती वापरतात. पण ती दाट आहे आणि थोडी लागते. .३८ च्या उंच पुंगळीत ती तळाशी चिमूटभर बसते. नजर ढळली आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडले, तरी वर भरपूर जागा उरते आणि गोळी निमूटपणे बसते.

निपाणीकर_मास्तर

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, परंतु रसायनशास्त्र बरीच वर्षे शिकवले आहे, म्हणून दुप्पट माप इतके घातक का ठरते, एवढेच सांगतो. आपल्याकडे 'दारू' या एका शब्दात दोन अगदी भिन्न पदार्थ येतात. जुनी काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक यांचे मिश्रण. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची पावडर तयार केली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी आल्फ्रेड नोबेल यांनी त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट आणले. आजही ही दोन घराणी टिकून आहेत. केवळ नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली पावडर 'सिंगल बेस' आणि नायट्रोग्लिसरीन असलेली 'डबल बेस'.

काळ्या दारूच्या जळण्याच्या वेगावर भोवतालच्या दाबाचा परिणाम तुलनेने कमी होतो. बिनधुराच्या पावडरीचे तसे नाही. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे माप दुप्पट केले म्हणजे दाब दुप्पट होईल, असे त्रैराशिक येथे मांडता येत नाही. तो त्याहून कितीतरी वर जातो. पावडर बनवणारे कणांचा आकार आणि त्यांवरचा लेप यांनी या वेगाला लगाम घालतात. चपटे पापुद्रे, बारीक गोळे, पोकळ नळकांडी हे आकार दिसायला गमतीचे वाटतात, पण जळणारा पृष्ठभाग किती असावा हे त्यांवरच ठरते.

वकील_टिळकवाडी

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु हा धागा बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पुष्कळ लोक वाचतात, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसांच्या निर्मितीसाठी वेगळा परवाना लागतो. तुमच्या नावावर रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे म्हणून काडतूस भरण्याचाही अधिकार मिळाला, असे होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. शिवाय या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. तेव्हा गुंजभर, सुट्टीवर येताना तो प्रेस किंवा रिकाम्या पुंगळ्या 'भावाला दाखवायला' म्हणून बॅगेत घालून सांबऱ्याच्या विमानतळावर उतरू नका.

खानापूर_लोकल

वकीलसाहेब, मी एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. इकडे मला हे करता येईल का?

चिकोडीचा_पाहुणा

खानापूर_लोकल, थांबा. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे दोन्ही बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत, पण ते तेथल्या वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. ग्रीनकार्डधारकांना ही अट लागू नाही, म्हणून गुंजभर यांचे प्रकरण वेगळे आहे.

जांबोटीचा_शेतकरी

आम्ही डोंगरातले लोक. रानडुकरांसाठी वडिलांच्या वेळेपासून परवान्याची ठासणीची बंदूक घरात आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि नेमके तेव्हाच डुकरे उसात शिरतात, हा भाग सोडा. मास्तरांनी काळी दारू आणि पावडर यांत जो फरक सांगितला, त्याचा अनुभव आमच्या घराने घेतला आहे. माझ्या चुलत्यांनी एकदा काळी दारू संपली म्हणून कोणाकडून तरी बारा बोअरच्या काडतुसातली पावडर काढून आणली आणि नेहमीच्या मापानेच ठासणीत ओतली. बार झाला तेव्हा नळी तिच्या कानाजवळ, म्हणजे बत्तीच्या छिद्रापाशी, केळीच्या सालीसारखी उलगडली. चुलते वाचले, पण डाव्या हाताची दोन बोटे गेली. माप तेच होते, वस्तू वेगळी होती.

मला एक विचारायचे आहे. .३८ ची पुंगळी एवढी उंच आणि पावडर चिमूटभर, तर पुंगळी आखूड का केली नाही?

चिकोडीचा_पाहुणा

जांबोटीकर, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बंदुकीतच आहे. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमारास आले, ते मुळात काळ्या दारूसाठी. तेव्हा त्या पुंगळीत वीसेक ग्रेन काळी दारू भरली जाई आणि ती जवळजवळ काठोकाठ येई. नंतर त्यात बिनधुराची पावडर भरू लागले, तिचे चार-पाच ग्रेन पुरू लागले, पण जुनी रिव्हॉल्व्हरे चालावीत म्हणून पुंगळी तेवढीच ठेवली. आजोबांच्या मापाचा सदरा नातवाने घातला आहे, असे समजा.

त्यातून दुसरी अडचण येते. पुंगळीत मोकळी जागा फार असली की पावडर कधी मागे प्राइमरपाशी असते, तर कधी नळी खाली झुकवल्यामुळे पुढे गोळीपाशी. काही पावडरींत यामुळे गोळीचा वेग कमी-जास्त होतो. टाइटग्रुप मात्र याला फारशी दाद देत नाही आणि ती तशीच घडवली आहे, हे तिच्या बाजूने मान्य केले पाहिजे.

९ मिमीचे उलट आहे. पुंगळी लहान, आणि अमेरिकेतल्या सामी या संस्थेने ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड); .३८ स्पेशलची आहे १७,०००. लहान पुंगळीत फुगीर, म्हणजे वजनाच्या मानाने जास्त जागा व्यापणाऱ्या, पावडरीचे दुसरे माप सहसा बाहेर सांडते, ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू अशी की गोळी ठरलेल्यापेक्षा थोडी जरी आत गेली, तरी उरलेली जागा घटते आणि मास्तरांनी सांगितलेले दाबाचे चक्र लवकर सुरू होते. म्हणून सुरुवात .३८ पासूनच करा.

गुंजभर

पावणेसहा डॉलरचा आकडा वाचून थोडे ओशाळलो. सराफाच्या मुलाने दर पाहिला आणि घडणावळ विसरला. मग सर्वांत फुगीर पावडर घेणे हेच शहाणपणाचे, असे समजू का? दुकानदार युनिक सुचवत होता. ती चांगली फुगीर दिसते आणि नाव शंभर वर्षांहून जुने आहे.

चिकोडीचा_पाहुणा

येथे मला माझी फजिती सांगावी लागेल, कारण मीही असाच युनिकवर गेलो होतो. तिचे पापुद्रे मोठे असतात. काडतुसे भरायला लागल्यापासून आठव्या-नवव्या वर्षी मी दांडा ओढला की सगळे टप्पे एकामागून एक करणारा मोठा प्रेस घेतला. एका संध्याकाळी तीनशे काडतुसे भरली आणि शनिवारी रेंजवर गेलो. दुसऱ्या फेरीचा चौथा बार. नेहमीचा धडाका झालाच नाही. उकळत्या दुधावरचे झाकण उचलावे तसा एक दबका आवाज आला आणि हाताला धक्का जवळजवळ बसलाच नाही. बोट पुन्हा चापावर गेले होते. शेजारच्या गृहस्थांनी 'थांबा' म्हणून ओरडले नसते तर मी चाप पुन्हा ओढला असता. रिव्हॉल्व्हरचे चक्र फिरेना. गोळी अर्धी चक्रात, अर्धी नळीत अडकली होती. घरी येऊन पितळी गजाने ती ठोकून काढली, तेव्हा हात थरथरत होते.

कारण शोधले तर असे निघाले की पावडर मोजून ओतणाऱ्या मापकाच्या नळीत पापुद्रे एकमेकांवर अडून त्यांचा पूल झाला होता. त्या पुंगळीत पावडर पडलीच नाही आणि गोळी केवळ प्राइमरच्या जोरावर पुढे सरकली. जी पावडर खाली उतरली नाही, ती पुढच्या पुंगळीत जास्तीची पडली असणार. म्हणून मी उरलेली सगळी काडतुसे गोळ्या उपटून मोडली. दोनशे नव्वद. दोन रविवार गेले.

थोडक्यात, फुगीर पावडर चूक दाखवते, पण मापकातून नीट वाहत नाही. बारीक गोळ्यांची पावडर रव्यासारखी वाहते, पण तळाशी लपते. मधली वाट म्हणून मी नवशिक्याला हॉजडनची एचपी-३८ सांगतो. विंचेस्टर २३१ या नावाने मिळणारी पावडर तीच आहे, डबा वेगळा. तिचे कण चपटे केलेले गोळे असतात, मापात सरळ पडतात, टाइटग्रुपपेक्षा ती थोडी संथ आहे, आणि .३८ व ९ मिमी दोन्हींसाठी तिची माहिती कंपनीने भरपूर दिलेली आहे. तिनेही .३८ ची पुंगळी भरत नाही, दुसरे माप तिच्यातही मावते, हे विसरू नका.

कॅम्प_सुभेदार

मंडळी, उशिरा लिहितो आहे. सैन्यात आम्ही काडतूस कधी भरले नाही, ते कारखान्यातून पेटीबंद येते. पण जुन्या .३०३ रायफलचे काडतूस मी एकदा उघडलेले पाहिले आहे. आत सुटी पावडर नव्हतीच, कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूच्या काड्या होत्या, शेवयांच्या जुडीसारख्या उभ्या. निलगिरीत अरुवनकाडूला त्याचा मोठा कारखाना आहे, तो इंग्रजांच्या वेळेपासूनचा.

पाहुण्यांच्या त्या फुसक्या बाराबद्दल बोलतो. रंगरूटाला आम्ही आधी कान शिकवत असू. आवाज किंवा धक्का कमी वाटला की बोट चापावरून बाहेर, नळी लक्ष्याकडेच, आणि कमीत कमी तीस सेकंद तसेच थांबायचे, कारण बार उशिराही होऊ शकतो. मग हत्यार रिकामे करून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहायचे. गुंजभर, बाळा, पावडर कोणतीही घे, पण भरताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव.

गुंजभर

सुभेदार काका, ठेवतो. पाहुणे, अजून तीन शंका आहेत. माप किती घालावे हे कोठून घ्यावे? दोन पुस्तकांत दोन आकडे दिसतात. आणि डबा घरात कोठे ठेवावा? तिसरी म्हणजे, पुढे .३५७ मॅग्नम हे अधिक जोराचे रिव्हॉल्व्हर घेतले तर हीच पावडर चालेल का?

चिकोडीचा_पाहुणा

आकडे येथे मुद्दामच कोणी देऊ नयेत आणि कोणी दिले तरी तुम्ही घेऊ नयेत. पावडर बनवणाऱ्या कंपनीची माहिती संकेतस्थळावर फुकट असते. ती उघडून तुमच्या गोळीचे वजन आणि तिचा प्रकार जुळवा. शिशाची गोळी आणि तांब्याचे कवच असलेली गोळी यांचे आकडे वेगळे असतात. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत, कारण चाचणीची नळी, गोळी आणि प्राइमर वेगळे असतात. अशा वेळी दोन्हींतला सुरुवातीचा लहान आकडा घ्यावा आणि थोडा थोडा वाढवत जावा. मात्र 'कमी म्हणजे नेहमीच सुरक्षित' असेही नाही. .३५७ मॅग्नमच्या भरदार बारासाठी एच-११० सारखी संथ पावडर वापरतात आणि तिचे माप दिलेल्या आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नये, असे कंपनीच सांगते. तशा पावडरी पहिल्या वर्षी घरात आणू नका. .३५७ मधून हलका सराव करायचा तर एचपी-३८ पुरते.

डबा मूळचाच ठेवा, थंड आणि कोरड्या जागी. पावडर दुसऱ्या बरणीत काढू नका. तेथल्या अग्निसुरक्षा संहितेत घरी मूळ डब्यांत २० पाउंडांपर्यंत मुभा असते, पण तुम्हाला एकच पाउंड घ्यायचा आहे. टेबलावर एका वेळी एकच डबा असावा. मी एकदा मापकात पावडर रात्रभर तशीच ठेवली. सकाळी टेबलावर करड्या रंगाच्या दोन पावडरींचे दोन डबे होते आणि मापकातली कोणती ते आठवेना. अंदाज करून ती कोणत्याही डब्यात परत ओतली नाही. अंगणातल्या गवतावर पातळ पसरून टाकली.

निपाणीकर_मास्तर

डबा उघडताना आंबट, झोंबणारा वास आला किंवा आत तांबूस धूर दिसला, तर नायट्रोसेल्युलोज विघटित होऊ लागले आहे असे समजावे आणि ती पावडर वापरू नये.

गुंजभर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. एचपी-३८ चा एक पाउंड घेतला. आमच्या घरी गुंजेचे वजन साधारण ०.१२ ग्रॅम धरत. ग्रेन त्याच्या जवळपास अर्ध्याएवढा. म्हणजे एका काडतुसात दोन-अडीच गुंजा पावडर. हे कळल्यावर हात एकदम ओळखीच्या कामाला लागल्यासारखा वाटला. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या केल्या, प्रत्येक माप काट्यावर तोलून भरले आणि गोळी बसवण्याआधी विजेरीच्या उजेडात ओळीने पाहिले. चौथ्या ओळीतली दुसरी पुंगळी रिकामी होती. फोन दुसऱ्या खोलीतच होता, पण तो वाजला आणि मी उठलो होतो.

रिकामी पुंगळी लगेच दिसते. परंतु थोडे कमी आणि थोडे जास्त यांतला फरक वरून पाहून नीट कळत नाही, कारण आत सावली पडते. त्यासाठी कोणी काही युक्ती करते का?

जांबोटीचा_शेतकरी

आमच्या ठासणीच्या गजावर दोन खुणा असतात. नळी रिकामी असेल तर गज एका खुणेपर्यंत आत जातो, एक बार भरलेला असेल तर दुसऱ्या खुणेपर्यंत. दुसऱ्या खुणेच्याही वर गज उभा राहिला, तर कोणीतरी आधीच भरून ठेवली आहे. अंधारात बोटाने चाचपून कळते.

गुंजभर

जांबोटीकर, आज सकाळी चिनी जेवणासोबत येणारी बांबूची काडी कापली, तोललेल्या मापाच्या पुंगळीत अलगद उभी केली आणि पुंगळीच्या काठाशी पेनाने रेघ मारली. मग पन्नासही पुंगळ्यांत फिरवली. एकीत रेघ काठाच्या केसभर वर राहिली. काट्यावर घातली तर माप अर्धा ग्रेन जास्त निघाले. शनिवारी रेंजवर जातो आहे, पहिल्या वेळी चक्रात एकेकच काडतूस घालणार आहे.

जांबोटीचा_शेतकरी

खूण चाकूने करा. पेनाची रेघ घामाने पुसते.